मध्यम आकाराच्या फिल्मवरील छायाचित्रणात झूम लेन्सची व्यवहार्यता

पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याबरोबर झूम लेन्स वापरणे ही गोष्ट गेल्या अर्धशतकात इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यावाचून छायाचित्रण कसे चालत असे याची कल्पनाही नव्या अभ्यासकास सहज करता येत नाही. याउलट १२० क्रमांकाची रुंद फिल्म वापरणाऱ्या, म्हणजे ज्यांस मध्यम आकाराचे कॅमेरे म्हटले जाते, त्यांच्या क्षेत्रात झूम लेन्स हा प्रथमपासून अपवादच राहिला. ही फिल्म ईस्टमन कोडॅक कंपनीने १९०१ साली बाजारात आणली व ती आजही तयार होते. तिच्यावर ६ × ४.५, ६ × ६ किंवा ६ × ७ सेंटिमीटर अशा नाममात्र मापांची चित्रे घेता येतात. या कॅमेऱ्यांसाठी झूम लेन्स निघाल्या नाहीत असे नाही; अनेक नामांकित कारखान्यांनी त्या काढल्या. परंतु बहुतेक छायाचित्रकारांनी दोन-तीन स्थिर केंद्रांतराच्या लेन्सवरच आपली भिस्त ठेवली.

असे का घडले, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. त्यामागे प्रकाशकीचे काही नियम आहेत व ते तपासून पाहता येतात. आज या विचाराला आणखी एक निकड प्राप्त झाली आहे. मध्यम आकाराच्या फिल्म-कॅमेऱ्यांच्या झूम लेन्स आता प्रायः जुन्या बाजारातूनच मिळवाव्या लागतात. वास्तू, शिल्पे, वनस्पती वा भूरूपे यांची नोंद मोठ्या फिल्मवर करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने वा विभागाने आपला मर्यादित पैसा व पाठीवरचे मर्यादित ओझे कशावर खर्चावे, याचा निर्णय ऐकीव मतांवर सोडणे इष्ट नाही.

झूम लेन्सची रचना

लेन्सचे केंद्रांतर जितके अधिक, तितका दृश्याचा लहान भाग फिल्मवर मोठा होऊन उमटतो. साध्या लेन्समध्ये हे केंद्रांतर कायम असते. झूम लेन्समध्ये भिंगांचे गट परस्परांपासून दूर वा जवळ सरकवून ते बदलता येते. परंतु एक गट सरकवला की प्रतिमा ज्या प्रतलावर पडते ते प्रतलही सरकते. म्हणून दुसरा एक गट अशा बेताने हलवावा लागतो की, प्रतिमा पुन्हा फिल्मच्याच प्रतलावर यावी. पहिल्या गटास परिवर्तक व दुसऱ्यास पूरक म्हणता येईल. या दोहोंच्या गती भिन्न असतात. लेन्सच्या नळीत कोरलेल्या वक्र खाचा त्या गती ठरवून देतात. खाचांच्या घडणीत अल्पशी चूक राहिली किंवा झिजेमुळे त्या सैल झाल्या, तर केंद्रांतर बदलताना फोकस ढळतो.

या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत क्लाइल ॲलन यांनी १९०२ साली घेतले होते. चलच्चित्रांसाठी ‘कूक व्हारो’ ही लेन्स इंग्लंडात १९३२ साली आली. स्थिर चित्रांच्या पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी मात्र १९५९ सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी फ्रँक बॅक यांनी आखलेली ३६–८२ मि.मी., एफ/२.८ ही ‘झूमार’ लेन्स फॉइग्टलेंडर कंपनीने बाजारात आणली. १९६३ साली निक्कॉन कॅमेऱ्याची ४३–८६ मि.मी., एफ/३.५ ही लेन्स आली व झूमचा उपयोग सामान्य हौशी छायाचित्रकाराच्या आवाक्यात आला.

हा विलंब अकारण नव्हता. झूम लेन्समध्ये भिंगांची संख्या मोठी असते आणि हवा व काच यांच्या प्रत्येक सीमापृष्ठावर साध्या काचेतून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. अशी २० पृष्ठे असतील, तर निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे ४४ टक्के प्रकाश फिल्मपर्यंत पोचेल. उरलेल्यापैकी काही भाग इतस्ततः परावर्तित होऊन चित्रावर धुरकटपणा आणील. काचेवर परावर्तनरोधी लेप चढविण्याची पद्धत झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधून काढली. प्रत्येक पृष्ठावरील हानी दीड टक्क्यावर आली की तीच २० पृष्ठे सुमारे ७४ टक्के प्रकाश पुढे जाऊ देतात, व अनेक थरांच्या लेपाने ती अर्ध्या टक्क्यावर आली की ९० टक्के. तेव्हा झूम लेन्सची उपयुक्तता प्रथमपासूनच या लेपाच्या प्रगतीशी निगडित होती.

आकारमानाचा नियम

पस्तीस मिलिमीटर फिल्मवर यशस्वी ठरलेली एखादी झूम लेन्स मोठ्या फिल्मसाठी तशीच वाढवून घेता येणार नाही काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. येथे साधे गणित उपयोगी पडते. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ × ३६ मि.मी. असून त्याचा कर्ण ४३ मि.मी. इतका भरतो. ६ × ६ चे प्रत्यक्ष चित्र ५६ × ५६ मि.मी. असते व त्याचा कर्ण ७९ मि.मी. असतो. दोहोंचे गुणोत्तर सुमारे १.८३ आहे. तेव्हा तितकाच दृष्टिकोन व तेच छिद्रमान ठेवावयाचे, तर लेन्सची प्रत्येक लांबी १.८३ पटीने वाढवावी लागेल. परंतु वजन हे लांबीच्या घनाप्रमाणे वाढते, १.८३ चा घन ६.१ होतो. म्हणजे ४३–८६ मि.मी. लेन्सची ही मोठी आवृत्ती ७९–१५७ मि.मी. होईल आणि तिचे वजन मूळ लेन्सच्या सहापट भरेल. ६ × ४.५ आकारासाठी हीच पट सुमारे ४, तर ६ × ७ साठी जवळजवळ ९ येते. या एका आकडेमोडीतच या विषयातील पुष्कळशा अडचणींचे मूळ सापडते.

इतके ओझे पत्करूनही चित्राच्या रेखीवपणात काही मिळते काय? केवळ वाढविलेल्या लेन्समध्ये भिंगांची विपथनेही त्याच प्रमाणात वाढतात. लेन्सने उमटविलेला अस्पष्टतेचा ठिपका १.८३ पट मोठा झाला आणि निगेटिव्ह छापताना तितक्याच पटीने कमी वाढवावी लागली, तर छापील चित्रात दोन्ही सारखेच दिसतील. फायदा होतो तो फिल्मच्या कणांचा. फिल्म तीच असल्यामुळे मोठ्या चित्रात कण बारीक दिसतात व छटा अधिक मृदू उतरतात. लेन्सकडूनही अधिक रेखीवपणा हवा असेल, तर तिची विपथने प्रमाणापेक्षा कमी केली पाहिजेत.

छिद्र लहान ठेवण्यामागील हेतू

मध्यम आकाराच्या झूम लेन्सचे छिद्र एफ/४.५ वा एफ/५.६ इतके लहान का, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वस्तुतः हा आखणीकाराने जाणूनबुजून केलेला सौदा आहे. गोलीय विपथनामुळे येणारी अस्पष्टता छिद्राच्या व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. एफ/३.५ ऐवजी एफ/४.५ पत्करल्यास ती निम्म्याहून किंचित खाली येते व एफ/५.६ पत्करल्यास जवळजवळ चतुर्थांशावर येते. शिवाय भिंगांचा व्यास घटतो आणि वजनही घटते. उंची व वजन यांच्या तक्त्यात जे गमावले, ते रेखीवपणाच्या तक्त्यात काही अंशी परत मिळते.

मात्र सर्वच दोषांना हा उपाय लागू पडत नाही. कोमा हा दोष छिद्राच्या वर्गाप्रमाणे कमी होतो व अबिंदुकता केवळ छिद्राच्या प्रमाणात कमी होते. विरूपण, म्हणजे चित्राच्या कडेजवळील सरळ रेषांना येणारा बाक, छिद्रावर मुळीच अवलंबून नसतो. झूम लेन्समध्ये हा बाक प्रायः लघु केंद्रांतराशी बाहेरच्या बाजूस व दीर्घ केंद्रांतराशी आतल्या बाजूस दिसतो. छिद्र कितीही बारीक केले तरी तो जात नाही. वास्तुशिल्पाचे चित्रण करणाऱ्याने ही गोष्ट विशेषेकरून ध्यानात ठेवावयास हवी. निसर्गदृश्यात जो दोष कोणाच्या नजरेस येणार नाही, तोच इमारतीच्या कंगोऱ्यावर लगेच उघडा पडतो.

आरसा व शटर यांचे अडथळे

मध्यम आकाराचे बहुतेक प्रगत कॅमेरे आरशाचे आहेत. चित्र घेण्यापूर्वी लेन्सची प्रतिमा आरशावरून वरच्या काचेवर पडते व छायाचित्रकार ती पाहून चौकट ठरवितो. चित्र मोठे म्हणून आरसाही मोठा आणि आरसा फिरावयास जागाही मोठी. निक्कॉनच्या पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मि.मी. आहे, हॅसेलब्लाडच्या ५०० मालिकेत ते ७४.९ मि.मी. व पेंटॅक्स ६ × ७ मध्ये जवळजवळ ८५ मि.मी. आहे. विस्तृत दृश्य देणाऱ्या लेन्सचे केंद्रांतर याहून कमी असते. अशा लेन्सची प्रतिमा मागे ढकलण्यासाठी पुढे एक मोठा ऋण गट बसवावा लागतो, त्यामुळे तिची लांबी व पुढच्या भिंगाचा व्यास वाढतो. साहजिकच सुरुवातीच्या काळात मोठ्या फिल्मसाठीच्या झूम लेन्स सामान्य दृष्टिकोनापासून किंवा त्याहूनही दीर्घ केंद्रांतरापासून सुरू होत. विस्तृत बाजूकडे जाणाऱ्या झूम लेन्स पुढे आल्या व त्या मुख्यतः ६ × ४.५ या लहान मापासाठी आल्या.

दुसरा अडथळा शटरचा. हॅसेलब्लाड ५०० मालिका, ब्रॉनिका व मामियाचे ६ × ७ कॅमेरे यांत शटर लेन्सच्या आतच छिद्राजवळ असते. यामुळे कोणत्याही वेगाला फ्लॅश वापरता येतो, हा मोठाच लाभ होय. परंतु पात्यांचे हे यंत्र ठराविक व्यासाचे असल्यामुळे सरकत्या गटांना त्याच्या भोवती जागा काढून द्यावी लागते. मामिया ६४५, पेंटॅक्स ६४५ व पेंटॅक्स ६ × ७ यांत शटर कॅमेऱ्यातच फिल्मपुढे असते. तेथे आखणीकार अधिक मोकळा राहतो. झूम लेन्सची विविधता ६४५ मापाच्या या कॅमेऱ्यांत अधिक आढळते, याचे एक कारण हेच होय.

प्रत्यक्ष निघालेल्या लेन्स

हॅसेलब्लाड ५०० साठी जर्मनीतील श्नायडर कारखान्याने १४०–२८० मि.मी., एफ/५.६ ही ‘व्हेरिओगॉन’ लेन्स केली. तिचे वजन खुद्द कॅमेऱ्यापेक्षा अधिक आहे. त्याच कारखान्याची ७५–१५० मि.मी., एफ/४.५ ही दुसरी लेन्सही ६ × ६ च्या कॅमेऱ्यांसाठी होती. मामिया ६४५ साठी ५५–११०, ७५–१५० व १०५–२१० मि.मी., सर्व एफ/४.५, मामियाच्या ६ × ७ साठी १००–२०० मि.मी., एफ/५.२, पेंटॅक्स ६४५ साठी ४५–८५ व ८०–१६० मि.मी., दोन्ही एफ/४.५, पुढे ५५–११० व १५०–३०० मि.मी., एफ/५.६ आणि ३३–५५ मि.मी., एफ/४.५, पेंटॅक्स ६ × ७ साठी ५५–१०० मि.मी., एफ/४.५ व ९०–१८० मि.मी., एफ/५.६, कॉन्टॅक्स ६४५ साठी ४५–९० मि.मी., एफ/४.५, असा हा परिवार आहे. फूजी कंपनीने १९९८ साली आरसा नसलेल्या एका ६ × ४.५ कॅमेऱ्यातच ५५–९० मि.मी. झूम कायम बसविली. आरशाचा अडथळा गेल्यामुळे ती लेन्स आटोपशीर झाली. पण दीर्घ टोकाला तिचे छिद्र एफ/६.९ इतके लहान झाले.

या यादीत एक साम्य डोळ्यांत भरते. बहुतेक सर्व लेन्सचा पल्ला दुप्पट, किंवा त्याच्या आसपास आहे. पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यांत तिप्पट व त्याहून मोठे पल्ले सर्रास झाले, तरी मोठ्या फिल्मवर कारखाने दुपटीपाशीच थांबले. वजनाचा घननियम, आरशाची जागा व रेखीवपणाची अपेक्षा या तिहींच्या ओढीत दुप्पट हाच परवडणारा पल्ला ठरला. झूमच्या व्यवहार्यतेची चर्चा करताना हा ‘दुप्पट’ आकडा लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढील हिशेब त्याच्यावरच उभा आहे.

वजनाचेही एक उदाहरण घेता येईल. २००२ साली आलेल्या हॅसेलब्लाड ‘एच’ मालिकेच्या कॅमेऱ्यास फिल्मची पेटी लावता येत असे. त्याची ५०–११० मि.मी. झूम सुमारे १६५० ग्रॅम भरते. त्याच मालिकेतील ५०, ८० व १०० मि.मी. या तीन स्थिर लेन्स अनुक्रमे सुमारे ९७५, ४७५ व ७८० ग्रॅम, म्हणजे एकूण २२३० ग्रॅम भरतात. पिशवीतील ओझ्याचा विचार केला तर झूमने अर्धा किलोहून अधिक वजन वाचविले. परंतु स्थिर लेन्सपैकी एका वेळी एकच कॅमेऱ्यावर असते; झूम मात्र सदैव आपल्या पूर्ण वजनानिशी कॅमेऱ्यापुढे लोंबत राहते. तेव्हा ‘झूमने ओझे वाचते’ आणि ‘झूम जड असते’ ही दोन्ही विधाने खरी आहेत. पहिले पिशवीविषयी आहे, दुसरे हाताविषयी.

प्रकाश, हात व ट्रायपॉड

कॅमेरा हातात धरून चित्र घ्यावयाचे असेल, तर झूमची बाजू दुबळी पडते. १०० वेगाची फिल्म, दाट ढगाळ आकाश आणि एफ/५.६ हे छिद्र, अशा स्थितीत शटरवेग सुमारे १/१२५ सेकंद येतो. एफ/२.८ ची स्थिर लेन्स असती तर तो १/५०० आला असता. हातातील कॅमेऱ्यासाठी शटरवेग केंद्रांतराच्या व्यस्ताइतका तरी असावा, असा जुना दंडक आहे. तो पस्तीस मिलिमीटर फिल्मवर रूढ झाला. मोठी निगेटिव्ह कमी वाढवावी लागते, म्हणून तेथे तो थोडा सैल करता येईल, असे म्हणता येते. पण मोठी फिल्म घेण्यामागील हेतूच अधिक रेखीवपणा हा असेल, तर ही सवलत घेणे म्हणजे त्या हेतूवरच पाणी सोडणे होय. १५० मि.मी. ला १/१५० हा किमान वेग धरल्यास वरील प्रकाशात झूम थोडक्यात अपुरी पडते, आणि दोन किलोंच्या आसपासचा डोलारा पेलणारा हात दिवस संपेपर्यंत स्थिर राहत नाही.

पाहण्याच्या सोयीतही उणेपणा येतो. एफ/२.८ च्या तुलनेने एफ/५.६ ला काचेवरील प्रतिमा चौपट मंद असते. फोकस जुळविण्यासाठी काचेच्या मध्यभागी असलेले दुभंगणारे लोलक या छिद्राच्या सुमारास अर्धे काळे पडू लागतात. मग साध्या खरखरीत काचेवर, भिंगातून पाहून, फोकस जुळवावा लागतो. आणि सावलीत वा मंदिराच्या गाभाऱ्यात ते कठीण जाते.

फोकसच्या खोलीबाबत मात्र झूमचे लहान छिद्र वाटते तितके लंगडे नाही. ६ × ६ वर एफ/५.६ ला मिळणारी खोली पस्तीस मिलिमीटर फिल्मवर सारख्याच दृष्टिकोनात सुमारे एफ/३.१ ला मिळते. पार्श्वभूमी मऊ करून व्यक्तिचित्र घेणाऱ्यास ती पुरेशी होते.

कॅमेरा ट्रायपॉडवर चढला की हे सारे चित्र पालटते. निसर्गदृश्य वा वास्तू टिपताना पुरेशी खोली मिळावी म्हणून छायाचित्रकार बहुधा एफ/१६ वर काम करतो. वरच्याच ढगाळ प्रकाशात एफ/१६ ला शटरवेग १/१५ सेकंद येतो, मग ती लेन्स एफ/२.८ ची असो की एफ/५.६ ची. स्थिर लेन्सचे मोठे छिद्र येथे केवळ पाहण्यापुरते उपयोगी. चित्र उमटविण्यात त्याचा काही वाटा नाही. या छिद्राला झूमची गोलीय विपथनेही नगण्य झालेली असतात. ट्रायपॉड वजन उचलतो, आरसा आधी वर उचलून ठेवला की त्याचा धक्काही टळतो. अर्थात ट्रायपॉड भक्कम हवा, व जड लेन्सचा तोल त्याच्या मध्यावर यावयास हवा. तात्पर्य, झूमविरुद्धचे तीन प्रमुख आक्षेप, म्हणजे वजन, मंद प्रकाश व हाताचा कंप, हे ट्रायपॉडच्या एका निर्णयाने पुष्कळच सौम्य होतात.

मोठी निगेटिव्ह हीच एक झूम

परंतु आक्षेप सौम्य झाले म्हणजे गरज सिद्ध झाली असे नव्हे. मध्यम आकाराच्या निगेटिव्हमध्ये मुळातच एक राखीव साठा असतो, त्याचा विचार केला पाहिजे. ६ × ६ कॅमेऱ्यावर ७५ मि.मी. लेन्सने चित्र घेतले व छापताना त्याचा मधला ४० × ४० मि.मी. भागच वापरला, तर १०५ मि.मी. लेन्सने घेतल्यासारखी चौकट मिळते. हा भाग १६०० चौ.मि.मी. आहे, पस्तीस मिलिमीटर फिल्मचे संपूर्ण चित्र ८६४ चौ.मि.मी. भरते. म्हणजे इतकी काटछाट करूनही हाती पस्तीस मिलिमीटरच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्र उरते. काटछाट १५० मि.मी. च्या चौकटीपर्यंत नेली, तर २८ × २८ मि.मी., म्हणजे ७८४ चौ.मि.मी. भाग उरतो. येथे मोठ्या फिल्मचा फायदा संपतो व चित्र पस्तीस मिलिमीटरच्या पातळीवर येते.

दुप्पट पल्ल्याच्या झूमचे मर्म या दोन आकड्यांत आहे. तिच्या पल्ल्याचा पहिला टप्पा निगेटिव्हमध्ये अगोदरच दडलेला असतो. तो डार्करूममध्ये फुकट मिळतो. दुसऱ्या टप्प्यात मात्र काटछाट महाग पडते आणि मोठ्या फिल्मचे मोठेपणच खर्ची पडते. ते वाचविणे एवढेच झूमचे खरे काम आहे. परंतु ते काम १५० मि.मी. ची एक स्थिर लेन्सही करू शकते. ८० व १५० मि.मी. अशा दोन लेन्स आणि त्यांच्यामधील अंतर भरून काढणारी थोडी काटछाट, ही जोडी निगेटिव्हवरून छापणाऱ्यास बहुतेक प्रसंगी पुरते. अनुभवी छायाचित्रकारांनी झूमकडे पाठ फिरविली ती हट्टापायी नव्हे. हा हिशेब त्यांच्या हातांना ठाऊक होता.

झूम कोठे उपयुक्त ठरते

हा हिशेब दोन ठिकाणी लागू पडत नाही. पहिले ठिकाण पारदर्शिकेचे. पारदर्शिका फिल्मवर चित्र थेट धन स्वरूपात उमटते. पडद्यावर दाखवावयाची असेल तर चौकटीत जे आले तेच दिसते, व छपाईसाठी दिली तरी तिचा काटछाटीनंतर उरलेला भागच मूळ म्हणून धरला जातो. येथे चौकट चित्र घेतानाच अचूक बसली पाहिजे.

दुसरे ठिकाण अधिक महत्त्वाचे आहे. पुष्कळदा असे सांगितले जाते की, चित्र मोठे हवे असेल तर दोन पावले पुढे जावे, झूमची गरज नाही. या सल्ल्यात एक तात्त्विक चूक आहे. चित्रातील जवळच्या व दूरच्या वस्तूंच्या आकारांचे परस्परप्रमाण, म्हणजे यथादर्शन, हे केवळ कॅमेऱ्याच्या जागेवरून ठरते. लेन्सच्या केंद्रांतरावरून नव्हे. पुढे पाऊल टाकले की चौकट बदलतेच, पण यथादर्शनही बदलते. झूम फिरविल्याने यथादर्शन तसेच राहून केवळ चौकट बदलते. ही दोन कार्ये भिन्न आहेत व एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय पुढे पाऊल टाकणे सर्वत्र शक्यही नसते. वेरूळच्या कैलास लेण्याचे चित्र वरच्या कड्यावरून घेताना समोर तुटलेला कातळ असतो. मंदिराचा समग्र विस्तार, मग केवळ शिखर, मग शिखरावरील एकच स्तर, असा क्रम एकाच स्थानावरून नोंदवावयाचा असेल, तर यथादर्शन न बदलता चौकट बदलण्यावाचून गत्यंतर नाही. नदीपलीकडील घाट, डोंगरमाथ्यावरून दिसणारी दरी, सभागृहाच्या सज्ज्यातून दिसणारा रंगमंच, ही अशीच स्थाने होत. वाऱ्यात व धुळीत वारंवार लेन्स बदलणे टाळता येते, हाही तेथे एक लाभ असतो.

जुनी लेन्स घेताना

अशी लेन्स आता जुनीच मिळणार असल्यामुळे काही कसोट्या लावून पाहणे अवश्य आहे. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून दूरच्या सपाट भिंतीचे चित्र लघु, मध्य व दीर्घ अशा तीन केंद्रांतरांवर, प्रत्येकी पूर्ण छिद्राने व एफ/११ ने घ्यावे. चारही कोपऱ्यांत सारखीच अस्पष्टता असेल तर ती आखणीची मर्यादा समजावी. एकाच कोपऱ्यात अधिक असेल तर एखादे भिंग वा गट तिरका झाला आहे असे समजावे. दीर्घ केंद्रांतरावर फोकस जुळवून लघु केंद्रांतराकडे यावे. फोकस ढळला तर खाचा झिजल्या आहेत, किंवा त्या लेन्सची जातच प्रत्येक बदलानंतर फोकस पुन्हा जुळविण्याची आहे.

कोकण व मुंबईसारख्या दमट हवेच्या प्रदेशात बुरशीची कसोटी सर्वांत कडक लावावी. झूम मागेपुढे करताना नळीतील हवा आतबाहेर होते व तिच्याबरोबर धूळ व ओलावा आत जातो. भिंगे अनेक असल्यामुळे बुरशीला जागाही अनेक, आणि स्थिर लेन्स उघडून पुसणे जितके सोपे तितके झूमचे नाही. गट पुन्हा बसविताना त्यांचे अंतर व मध्य अचूक जुळवावे लागतात. लेन्समधून तिरक्या कोनाने विजेरीचा झोत टाकून पाहिल्यास कोळिष्टकासारखे तंतू दिसतात. ते दिसल्यास किंमत कितीही कमी असली तरी ती लेन्स न घेणेच शहाणपणाचे. कोरड्या पेटीत, सिलिका जेलसह ती ठेवण्याची तजवीज खरेदीपूर्वीच करावी.

सारांश

मध्यम आकाराच्या फिल्मसाठी झूम लेन्स अशक्य नाही व प्रकाशकीच्या दृष्टीने निकृष्टही नाही. लहान छिद्राच्या मोबदल्यात तिच्या आखणीकारांनी पुरेसा रेखीवपणा साधला आहे. तिची व्यवहार्यता लेन्सपेक्षा कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. कॅमेरा हातात आहे, फिल्म निगेटिव्ह आहे व छायाचित्रकारास हिंडण्यास मोकळीक आहे, तेथे दोन स्थिर लेन्स व मोठ्या निगेटिव्हचा राखीव साठा यांपुढे झूम टिकत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, छिद्र एफ/११ वा एफ/१६ आहे, फिल्म पारदर्शिकेची आहे आणि उभे राहण्याची जागा एकच आहे, तेथे तिला पर्याय नाही. या दोन टोकांच्या मधल्या कामांत वजनाचा हिशेब निर्णायक ठरावा. विभागाने वा विद्यार्थ्याने प्रथम ८० मि.मी. च्या आसपासची एक चांगली स्थिर लेन्स व भक्कम ट्रायपॉड घ्यावा. वर्षभराच्या निगेटिव्ह तपासून किती चित्रांची काटछाट ४० × ४० मि.मी. च्या खाली गेली हे मोजावे. अशा चित्रांची संख्या मोठी असेल आणि ती एकाच दृष्टिकोनाची नसून अनेक मधल्या चौकटींची असतील, तरच झूम लेन्सवर खर्च करावा.